प्रमाण घसा

मी दिवसातून सहा वेळा माझ्या सासऱ्यांचा घसा धुवायचे. हे ऐकलं की पाहुणे मंडळी आधी माझ्याकडे कौतुकाने बघायची आणि मग आपापल्या सुनांकडे. मग मला खुलासा करावा लागायचा, की तो घसा प्लॅस्टिकचा आहे, आमच्या प्रयोगशाळेत स्टँडला अडकवलेला असतो आणि तो धुणं हे माझ्या नोकरीचंच काम आहे. खरे सासरे, म्हणजे अण्णा, घरी खिडकीजवळच्या खुर्चीत असतात आणि त्यांच्या घशाला हात लावायची आमच्या घरात कुणाची प्राज्ञा नाही.

अण्णा म्हणजे त्र्यंबक कोठावळे. चौतीस वर्षं त्यांनी बसस्थानकात गाड्यांच्या घोषणा केल्या. आता २०४१ साली बस विजेवर धावतात आणि घोषणा यंत्र करतं, पण अण्णांनी आपलं खातं बंद केलं नाही, फक्त घरी हलवलं. ताट वाढलं की बाहेरच्या खोलीतून आवाज येतो, "स्वयंपाकघरातून सुटणारी भाकरी थोड्याच वेळात टेबलावर लागत आहे. प्रवाशांनी हात धुऊन घ्यावेत." माझा नवरा निनाद रत्नागिरीला पवनचक्क्यांवर कामाला आहे, महिन्यातून दोनदा येतो, त्यामुळे या घोषणांची प्रवासी बहुतेक वेळा मी एकटीच असते.

मी आणि आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई, शालिनीताई. अण्णांचा आवाज मोठा, पण खरा दम आईंचा. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात ओला टॉवेल पलंगावर टाकल्याबद्दल आईंनी अण्णांना जे सुनावलं, ते मी घड्याळ लावून मोजलं होतं. चार मिनिटं दहा सेकंद, एका दमात. टॉवेलापासून निघून त्या अण्णांच्या बहिणीच्या लग्नातल्या मानपानापर्यंत गेल्या आणि परत टॉवेलावर आल्या. अण्णा पेपर तोंडासमोर धरून बसले होते, पण एकही पान उलटत नव्हते. सगळं मन लावून ऐकत होते.

सहा वर्षांपूर्वी आईंना दमा जडला. पंप सुरू झाला आणि गाडी परत रुळावर आली. मग आला प्रमाण घसा.

हे जरा नीट सांगायला हवं. दम्याच्या पंपातून औषधाची पूड उडते, आणि त्या पुडीत सगळी गंमत कणाच्या आकाराची असते. आकार मोजतात मायक्रॉनमध्ये. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो. औषधाचा कण पाच मायक्रॉनच्या वर गेला तर घशातच चिकटतो. एकाच्या खाली गेला तर छातीत फेरफटका मारून उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो. मधला, दोन-चार मायक्रॉनचा कण फुप्फुसात जाऊन बसतो आणि कामाला लागतो. पंपातून कुठल्या आकाराचे किती कण सुटतात हे मोजणं माझं काम. पंप एका घशाच्या तोंडाशी धरायचा, खालून हवा ओढायची, घशापलीकडे एकावर एक रचलेल्या आठ ताटल्यांवर कण आपापल्या आकाराप्रमाणे जमतात. मग घसा आणि ताटल्या धुऊन कुठे किती औषध सापडलं ते बघायचं.

मोठा कण घशात का अडकतो हे मी एकदा अण्णांना समजावत होते. जिभेच्या मागे हवेची वाट एकदम खाली वळते, हलका कण हवेबरोबर वळतो, जड कण सरळ जाऊन मागच्या भिंतीवर आदळतो.

"म्हणजे घाटातलं वळण," अण्णा म्हणाले. "मोटारसायकल वळते, ट्रक कठड्यावर."

"अगदी बरोबर."

"मग तसं सांग ना. मायक्रॉन मायक्रॉन काय लावलंयस मघापासून!"

पूर्वी या कामासाठी घसा म्हणून एक पोलादी वाकडी नळी वापरत. तिला ना जीभ, ना टाळू. मग श्वसनौषध मानक मंडळाने ठरवलं, की आपल्या लोकांचं औषध आपल्या माणसाच्या घशातूनच तपासायचं. गावोगावी शिबिरं झाली. आमच्या गावचं शिबिर निवृत्त बस कर्मचाऱ्यांच्या कट्ट्याने भरवलं. हातात मावणारं एक यंत्र गालावरून, गळ्यावरून फिरवायचं की आतल्या पोकळीचा नकाशा तयार. एकट्या आमच्या कट्ट्यावर चारशे बारा घसे मोजले गेले, इतर गावांत लोक सुईच्या भीतीने फिरकलेच नाहीत. सगळ्या नकाशांची सरासरी काढून संगणकाने त्या सरासरीला सर्वांत जवळचा घसा निवडला. टोकन क्रमांक सत्तावीस. अण्णा!

मंडळाचं पत्र आलं त्या दिवशी अण्णांनी ते घरात तीनदा घोषित केलं. मग चौकट करून ते देवघरासमोरच्या भिंतीवर लागलं. कट्ट्याने शाल-श्रीफळ दिलं. देशातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत अण्णांच्या घशाची प्रत गेली, आणि कंपन्यांनी आपापल्या पंपांची पूड त्या घशातून नीट उतरेल अशी दळून घेतली. "सबंध देशाचं औषध आधी माझ्या घशाखाली उतरतं," असं ते दूधवाल्यालाही सांगत.

"सगळ्यांत सरासरी माणूस म्हणून निवडलंय तुम्हाला," आई म्हणाल्या. "मला लग्नानंतर पंधरा दिवसांत कळलं होतं. मंडळाला उशीर झाला."

नवे पंप गेल्या वर्षी बाजारात आले आणि दोनच महिन्यांत आईंचं बिघडलं. आवाज घोगरा झाला, जिना चढताना दोनदा थांबायला लागल्या. डॉक्टरांनी डोस वाढवला, आवाज आणखी घोगरा झाला. मी आमच्या कंपनीचा पंप शंभर वेळा तपासला. यंत्रावर सगळं चोख. औषध छातीत पोचलंच पाहिजे असं ताटल्या सांगत होत्या, आणि ते पोचत नाही असं आईंची छाती.

शेवटी एक दिवस मी आईंना पंप घेतल्याबरोबर गुळणी करायला लावली आणि ते पाणी बाटलीत भरून घेतलं.

"माझी गुळणी हापिसात नेतेस?" आईंनी कपाळावर हात मारला. "आणि विचारलं कुणी तर?"

कुणी विचारलं नाही. त्या बाटलीत डोसातलं ऐंशी टक्के औषध निघालं. सगळा माल कठड्यावर आदळत होता, खाली घाट उतरतच नव्हता.

त्याच आठवड्यात भाजी घेऊन येताना मला कट्ट्यावर सय्यदभाई भेटले. सय्यदभाई म्हणजे अण्णांचे जुने मित्र, निवृत्त ड्रायव्हर आणि आईंच्या आधीपासूनचे दमेकरी.

"नवा पंप कसा आहे, सय्यदभाई?"

"एक नंबर!" आभाळाकडे बघत ते म्हणाले. "आता टेकडीवर जातो रोज. आपल्या त्र्यंबकच्या घशाची करामत!"

मी चौकशी केली. कट्ट्यावर सात दमेकरी, सातही ठणठणीत. आईंच्या भजनी मंडळात चौघीजणी दमेकरी, चौघीही घोगऱ्या. मला काही केल्या टोटल लागेना. पंप तोच, औषध तेच. घरी येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली, की सय्यदभाई माझ्याशी बोलताना आभाळाकडे का बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांचा घसा धुवत होते. तो मधोमध उघडतो, खरवसाच्या वडीसारखा गुळगुळीत असतो, बोट फिरवून सगळं औषध काढावं लागतं. हजारदा फिरवलेलं बोट त्या दिवशी डाव्या बाजूला, खालच्या दातांच्या ओळीच्या टोकाला थबकलं. तिथे एक दाढ होती.

अण्णांना तिथे दाढ नाही. पाच वर्षांपूर्वी ती काढली, तेव्हा दवाखान्यात मी सोबत होते. सगळ्या स्थानकाला गप्प बसवणाऱ्या या माणसाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी पिचकली. शिबिर झालं तीन वर्षांपूर्वी. म्हणजे दाढ गेल्यावर दोन वर्षांनी ती मंडळाच्या यंत्राला दिसली होती.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. आई भजनाला गेल्या होत्या. अण्णा खुर्चीत.

"अण्णा, शिबिराच्या दिवशी तोंडात काय होतं?"

"काही नाही," ते म्हणाले, आणि हनुवटी वर करून छताकडे बघू लागले.

तिथे मला सगळं उलगडलं. तोंडात ऐवज असलेला माणूस हनुवटी वर करून, जीभ खाली दाबून बोलतो, नाहीतर रस ओठांतून बाहेर यायचा. आणि हनुवटी वर केली की जिभेमागचं वळण सैल होतं, घाट जवळजवळ सरळ रस्ता होतो. अशा घशातून जाडी पूडही सुखरूप उतरते. कंपन्यांनी त्या सरळ रस्त्याच्या हिशेबाने पूड जाड केली होती. सय्यदभाईंना ती लागू पडत होती, कारण ते पंपही तंबाखू गालात ठेवूनच घेत. भजनी मंडळाच्या बायकांचे घसे बिचारे नियमाप्रमाणे वळत होते, म्हणून औषध भिंतीला.

"अण्णा, आत्ता तोंडात काय आहे?"

अण्णांनी आधी दाराकडे बघितलं. मग त्यांनी दोन बोटं गालात घालून, गेलेल्या दाढेच्या जागेवरून, सुपारीचं खांड काढलं. जागा अगदी मापाची होती.

"शिबिरातल्या पोरीने विचारलं होतं ना, तोंड रिकामं आहे का?"

"होतंच की रिकामं!" अण्णा खरोखर दुखावले. "सुपारी म्हणजे काय खाणं आहे? खाणं म्हणजे पोटात जातं ते. सगळ्यांनीच रिकामं सांगितलं. सय्यदच्या तोंडात तर तंबाखू होती, तो म्हणाला, खात नाहीये, नुसती ठेवलीय."

मागाहून कळलं, चारशे बारांपैकी अडीचशे जणांनी नुसती ठेवली होती. त्यांची सरासरी निघाली, त्या सरासरीला अण्णा सर्वांत जवळचे ठरले, आणि सुपारीला संगणकाने दाढ मानलं. देशाचं औषध गालात सुपारी धरलेल्या माणसासाठी बनत होतं.

"आईंना माहीत आहे?" मी विचारलं.

अण्णांचा चेहरा उतरला. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या गालात पांढरा चट्टा निघाला होता. तो साधाच निघाला, पण तपासणीचा निकाल येईपर्यंतचे आठ दिवस आईंना अन्न गोड लागलं नव्हतं. नंतर त्यांनी अण्णांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून सुपारी सोडल्याची शपथ घ्यायला लावली होती. तेव्हापासून सुपारी चष्म्याच्या घरात राहत होती.

मी मंडळाच्या डॉ. हेमांगी टिपरेंना फोन लावला. त्या स्पष्ट बोलणाऱ्या निघाल्या. "दाढ काढल्याचा कागद पाठवलात तर समिती बसेल. समिती एकदा बसली की दोन वर्षं उठत नाही. पण सत्तावीस क्रमांकाच्या व्यक्तीने स्वतः लिहून दिलं, की मोजणीच्या वेळी तोंड रिकामं नव्हतं, तर मी आठवड्यात तो घसा रद्द करू शकते. फॉर्म पाठवते. खाली साक्षीदाराची सही लागेल."

"साक्षीदार कोण चालेल?"

"पती किंवा पत्नी."

अण्णांनी फॉर्म वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "मला रविवारपर्यंत वेळ दे."

मी दिला. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता, हे खोटं कशाला सांगू? एकीकडे भिंतीवरची चौकट आणि एक जुनी शपथ, दुसरीकडे कुठल्या कुठल्या गावांत श्वास लागून बसलेली माणसं. त्यात निवडायला रविवार कशाला लागतो? तोवर मी आईंना एवढंच सांगितलं, की पंप घेताना मान वर करून बघा.

"चव्वेचाळीस वर्षं या घरात मान खाली घालून काढली," आई म्हणाल्या, "आणि आता वर करू म्हणतेस?"

अण्णांनी छताकडे बघितलं. या वेळी तोंडात काही नव्हतं. आईंनी तरी प्रयत्न केला, पण त्यांच्या मानेला पट्टा आहे, ती फारशी वर होईना. थोडा फरक पडला, तोही मानेच्या दुखण्यात गेला.

रविवारी सकाळी अण्णांनी अंघोळ केली आणि ओला टॉवेल पलंगावर टाकला. चुकून की मुद्दाम, ते मला आजही माहीत नाही. मी चहा गाळत होते. आई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"किती वर्षं सांगतेय," त्यांनी सुरुवात केली, "की ओला टॉवेल गादीवर... गादीवर टाकला की..." आणि थांबल्या. छाती वर-खाली होत होती. त्यांनी दाराची चौकट धरली. मी पळत गेले. त्यांनी मला हाताने थांबवलं, एकदा टॉवेलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे."

जाऊ दे! चव्वेचाळीस वर्षांत हे दोन शब्द आईंच्या तोंडून त्या घराने ऐकले नव्हते. अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते, ते पांढरेफटक पडले. चेहऱ्यावरून वाटलं, दाढ काढायच्या दिवशीसारखा आता हात धरतील कुणाचा तरी. ते उठले, आधी टॉवेल उचलून दोरीवर वाळत घातला, दोन्ही टोकं जुळवून. मग कपाटातून चष्म्याचं घर आणि फॉर्म घेऊन आले. दोन्ही आईंच्या हातात दिलं आणि समोर उभे राहिले, अगदी सरळ, पूर्वी माइकसमोर उभे राहत तसे.

"कृपया इकडे लक्ष द्यावे," ते म्हणाले, आणि आवाज फाटला. मग साध्या आवाजात म्हणाले, "शालू, मी सुपारी सोडली नव्हती. तुझं औषध माझ्यामुळे अडकलंय. मला चौकट नको. तू इथे सही कर."

मी तोवर आईंना खुर्चीत बसवलं होतं. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं, बंद केलं, फॉर्म वाचला, दोनदा वाचला. मग अण्णांकडे बघितलं आणि मला कळलं, की आता येणार. चार मिनिटं दहा सेकंदांचं काहीच नाही असं काहीतरी येणार.

"माझ्या डोक्यावर हात ठेवून," आई म्हणाल्या, "शपथ घेतलीत. आणि दहा वर्षं... त्या गालात..."

श्वास संपला. आईंनी तोंड उघडून दोनदा हवा घेतली, मग एक बोट वर केलं.

"उरलेलं नंतर," त्या म्हणाल्या, आणि सही केली.

डॉ. टिपरेंनी शब्द पाळला. आठवड्यात क्रमांक सत्तावीस रद्द झाला आणि आमच्या गावी नव्याने शिबिर लागलं. या वेळी बायकांनाही बोलावलं होतं, पहिल्या वेळी ते कुणाला सुचलंच नव्हतं. माइक अण्णांनी मागून घेतला.

"शिबिरात आलेल्या सर्व प्रवाशांनी," त्यांचा आवाज मांडवभर घुमला, "गालात, जिभेखाली, ओठामागे किंवा दाढेच्या मोकळ्या जागेत जे काही नुसतं ठेवलेलं असेल, ते बाहेर ठेवलेल्या बादलीत सोडावे. मी सोडले आहे. सय्यद ड्रायव्हर, आपण जेथे असाल तेथून बादलीकडे यावे."

सय्यदभाई आले. त्यांच्यामागे रांग लागली. बादली दोनदा रिकामी करावी लागली. डॉ. टिपरे रांगेकडे बघत नुसत्या उभ्या होत्या, मग त्यांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं. पुढे मंडळाच्या नियमांत 'तोंड रिकामे असल्याची बोटाने खात्री करावी' असं एक कलम आलं.

अण्णांचा रिकामा घसा पुन्हा मोजला गेला. निकालाच्या पत्रात होतं, की हा घसा सरासरीपासून फारच दूर असल्याने विचारात घेता येत नाही. अण्णांनी ते पत्र जुन्याच चौकटीत बसवलं. "मी सरासरी नाही, असं मंडळाने लेखी दिलंय," दूधवाल्याला आता हे ऐकावं लागतं. आता प्रमाण घसे तीन आहेत, तिन्ही परक्यांचे. मी दिवसातून अठरा वेळा धुते, आणि मला तसं काही वाटत नाही.

बारीक पुडीचे पंप यायला आठ महिने लागले. तोपर्यंत आईंना डॉक्टरांनी वाफेच्या मशीनवर ठेवलं होतं. अण्णा रोज दोन वेळा ते मशीन लावून देत आणि घड्याळाकडे बघत शेजारी बसून राहत. रोज टॉवेल वाळत घालत, टोकं जुळवून. घरात अशी शांतता होती की मला करमेना.

नवा पंप सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. मी डबा भरत होते. अण्णा खिडकीजवळ पेपर वाचत होते. आई जिना उतरून खाली आल्या, न थांबता. त्या पाणी प्यायल्या, भांडं पालथं घातलं, पदर खोचला आणि अण्णांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"त्या गालात," आई म्हणाल्या, "दहा वर्षं गोदाम करून ठेवलंत आणि मी मेली रोज देवासमोर हात जोडून म्हणतेय की यांची सुपारी सुटली, आणि तुम्ही त्याच गालाने माझ्या हातचे लाडू खाताय, आणि तुमच्या बहिणीला हे ठाऊक असणार, तिच्या चेहऱ्यावरून मला त्या लग्नातच..."

मी डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिले. घड्याळ लावायचं भान राहिलं नाही. आई चष्म्याच्या घरावरून शिबिरावर गेल्या, शिबिरावरून मानपानावर, मानपानावरून त्या पांढऱ्या चट्ट्याच्या आठ दिवसांवर, तिथे त्यांचा आवाज जरासा कापला पण तुटला नाही, आणि तिथून पुन्हा गालावर आल्या. आवाज स्वच्छ होता. अण्णांनी पेपर तोंडासमोर धरला होता. पान उलटत नव्हतं.

मी वाकून बघितलं. अण्णा रडत होते. माझ्याकडे लक्ष गेलं तसं त्यांनी पेपर जरा खाली केला आणि फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात घोषणा केली.

"विनाथांबा," ते म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर धरला.